सरांना खेळणं वाटतं, साहेबांना तारीख हवी

पत्राचा गोषवारा: पश्चिम भारतातल्या एका मोठ्या विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक असलेल्या एका ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. त्यांच्या युनिटमध्ये नवी ऑटोमेशन यंत्रणा येते आहे. प्रत्येक विमानाची माहिती लिहिलेली कागदाची लांबट पट्टी, म्हणजे स्ट्रिप, आता पडद्यावर येणार. वैमानिकाला द्यायच्या काही सूचनाही रेडिओवर बोलण्याऐवजी लेखी संदेशाने, म्हणजे सीपीडीएलसीने, जाणार. प्रशिक्षण आणि समन्वय ताईंकडे आहे. त्यांना ज्यांनी काम शिकवलं ते ‘सर’ अजून त्याच युनिटमध्ये आहेत, निवृत्तीला थोडाच काळ उरला आहे, आणि ते सिम्युलेटरच्या सत्रांना फिरकत नाहीत. ‘हे खेळणं आहे, पहिल्या पावसात बंद पडेल,’ असं ज्युनिअर मुलांसमोर म्हणतात. त्यांचं बघून आणखी काही सीनिअर अडून बसले आहेत. इकडे वरून उद्घाटनाची तारीख ठरली आहे, आणि ‘सर्व नियंत्रक प्रशिक्षित असून युनिट बदलासाठी सज्ज आहे’ या मजकुरावर ताईंची सही मागितली जाते आहे. त्या विचारतात: ‘तरुण मुलं दोन दिवसांत शिकली. प्रश्न फक्त वयाचा आणि भीतीचा आहे. सरांना कसं पटवू? आणि सही करू का? नाही म्हटलं तर मीच नव्याच्या विरोधात आहे असं होईल.’

नमस्कार ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. आज, त्या मजकुरावर, सही करू नका. कोणत्या मजकुरावर करता येईल ते पुढे सांगतो. पहिला प्रश्न मात्र अवघड आहे. त्यात तुम्ही निकाल आधीच लावून टाकला आहे: सर चुकताहेत, आता त्यांना वळवायचं कसं तेवढंच सांगा.

मी अशाच खोल्यांत नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे तुमचे सर मला न भेटताही ओळखीचे वाटतात. प्रत्येक वॉचमध्ये, म्हणजे पाळीत, असा एक माणूस असतो. त्याचा स्वभाव बाजूला ठेवा आणि तो नेमकं काय म्हणतोय ते बघा. तुमच्या पत्रात सरांच्या तक्रारी एकाच ओळीत आल्या आहेत, त्याही ‘नेहमीची कटकट’ म्हणून: स्ट्रिप तिरकी करता येत नाही, संदेशात आवाज ऐकू येत नाही, आणि बंद पडलं तर काय. मला विचाराल तर सगळ्या पत्रातली ही सर्वांत कामाची ओळ आहे.

स्ट्रिपचं घ्या. एरिया कंट्रोलमध्ये, म्हणजे मार्गावरच्या विमानांच्या नियंत्रणात, दोन विमानं एकाच पातळीवर, म्हणजे एकाच उंचीवर, पुढे कुठेतरी एकमेकांना छेदणार असतील, तर जुना नियंत्रक काय करतो? त्या दोन स्ट्रिप होल्डरसकट बेमधून, म्हणजे स्ट्रिप लावायच्या फळीवरून, थोड्या बाहेर ओढतो आणि तिरक्या ठेवतो. तोंडाने काही बोलत नाही. शेजारी बसलेला प्लॅनर, म्हणजे पुढची आखणी करणारा नियंत्रक, मान वळवतो आणि समजतो की इथे काहीतरी बाकी आहे. हँडओव्हर घ्यायला आलेला माणूस हेडसेट लावण्याआधी बेवरून नजर फिरवतो आणि त्याचा डोळा आधी तिरक्या स्ट्रिपवर जातो. काम झालं की बोटाच्या एका धक्क्याने स्ट्रिप सरळ. ही पद्धत फारशी कुठे लिहून ठेवलेली नसते. हात बघून हात शिकतो. तुम्हीही बहुधा सरांचा हात बघूनच शिकलात.

आता तुमच्या नव्या पडद्यावर याची जागा कशाने घेतली आहे? रंग बदलतो? स्ट्रिप बाजूला सरकवता येते? आणि सरकवली तर ती शेजारच्या पडद्यावरही सरकलेली दिसते, की फक्त तुमच्याच? सोय असेल तर ती प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला दाखवायला हवी. नसेल, तर सरांनी तुम्हाला यंत्रणेतली एक त्रुटी फुकटात शोधून दिली आहे आणि ती ‘वयाचा प्रश्न’ या खात्यात जमा झाली आहे.

आवाजाचंही तसंच. फ्रिक्वेन्सीवर एक बोलतो तेव्हा दहा जण ऐकतात. पावसाळ्यात पहिल्या वैमानिकाने ढग टाळायला डावीकडे वळण मागितलं की मागच्या तिघांना पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं. लेखी संदेश फक्त दोघांत राहतो. शिवाय वैमानिक चाचरतोय, घाईत आहे, त्याला इंग्रजी नीट समजलेलं नाही, हे आवाजात कळतं, मजकुरात कळत नाही. आणि वेळ लागतो: संदेश पोचणार, कॉकपिटमध्ये दोघे तो वाचणार, मग कोणीतरी बटण दाबणार. म्हणूनच जिथे ही पद्धत रुळली आहे तिथेही तातडीची सूचना तोंडीच देतात. हे सरांना तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे का? मला शंका आहे की त्यांची समजूत ‘आता सगळंच टाईप करायचं’ अशी झाली आहे.

पण इथे मी सरांशीही भांडेन. आवाज ही काही पवित्र गोष्ट नाही. १९७७ मध्ये टेनेरिफला दोन जंबो धावपट्टीवर आदळले आणि ५८३ माणसं गेली, तेव्हा टॉवरचा ‘थांबा’ आणि दुसऱ्या विमानाचा ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हे दोन्ही संदेश एकाच क्षणी निघाले आणि कॉकपिटमध्ये त्यांची एक लांब शिट्टी ऐकू आली. एकाच कंपनीचे चार जवळजवळ सारखे कॉलसाइन, म्हणजे विमानांना रेडिओवर हाक मारायची नावं, एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की काय होतं ते सरांना माहीत आहे. आणि अरबी समुद्रावर एचएफच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओच्या, खरखरीत एक पातळी मागायला वैमानिकाला किती वेळा ओरडावं लागतं, ते ज्याने ऐकलंय तो लेखी संदेशाला खेळणं म्हणणार नाही. तिथे तर हा संदेश वरदान आहे.

सरांना चरखी दादरी आठवत असणारच. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर विमान कुठे आहे ते दिसत होतं, किती उंचीवर आहे ते दिसत नव्हतं. उंची वैमानिक सांगेल ती. कझाक विमान त्याला दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं, समोरून सौदी जंबो १४,००० फुटांवर येत होतं, आणि ३४९ जण गेले. पडद्यावर उंची दिसत असती तर ते खाली घसरणं लक्षात यायला निदान संधी होती. तेव्हा ‘जुनं तेच बरं’ हा मुद्दा सरांनी मांडला तर त्यांना हे शांतपणे आठवून द्या. त्यांच्या तीन तक्रारींना वजन आहे. ‘आमच्या काळी’ला नाही.

आता तुमचं दुसरं गृहीतक. तरुण मुलं दोन दिवसांत शिकली. काय शिकली? बटणं शिकली. मेनू कुठे, माऊस कुठे, रंगाचा अर्थ काय. ते त्यांना येणारच, जन्मच पडद्यासमोर गेलाय. पण नियंत्रकाचं खरं काम डोक्यात चालतं: कोण कुठे आहे, दहा मिनिटांनी कुठे असेल, कोणाशी भिडेल. स्ट्रिपवर हाताने लिहिताना ते चित्र डोक्यात आपोआप बसत जायचं. यंत्रणा स्वतःच सगळं भरते तेव्हा ते बसतंय की नाही, हे बाहेरून कळत नाही.

एक साधी चाचणी करून बघा. सिम्युलेटरवर गर्दीचा प्रसंग चालू असताना, आगाऊ न सांगता, पडदा काळा करा. समोर कोरा कागद द्या आणि विचारा: कोणती विमानं, कोणत्या पातळीवर, पुढचा पेच कुठे? हे मुलांना विचारा, सीनिअर मंडळींनाही विचारा. नव्या यंत्रणेवर विचारा आणि जुन्या पद्धतीवरही. निकाल काय येईल ते मी सांगणार नाही, युनिटगणिक वेगळा येतो. पण त्यानंतर तुमच्याकडे ‘तरुण तयार, म्हातारे नाहीत’ या समजुतीऐवजी हातात धरता येईल असं काहीतरी असेल. माझा अंदाज आहे की काही मुलांनाही आणखी सराव लागेल आणि एखादे सीनिअर तुम्हाला चकित करतील.

शिवाय शिकणं आणि रुळणं यात फरक आहे. स्वयंपाकघरातले डबे नव्या मांडणीत लावले तरी फोडणी जळायला आली की हात जुन्याच फळीकडे जातो. गर्दीच्या वेळी, थकलेल्या माणसाचा हात कुठे जाईल हे दोन दिवसांच्या वर्गात कळत नाही.

तुमच्यासारख्या पेचात आधी कोण कोण अडकलं होतं ते बघू. अमेरिकेने आपल्या २० एरिया केंद्रांत ईरॅम नावाची नवी ऑटोमेशन यंत्रणा बसवली. २०१० च्या अखेरीस काम संपायचं होतं. पहिल्याच केंद्रात, सॉल्ट लेक सिटीला, ती गर्दीत चालवायला घेतल्यावर एका विमानाची माहिती दुसऱ्याला चिकटायला लागली, एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे विमान सोपवताना गोंधळ व्हायला लागला. सुरुवातीच्या वर्षांत नियंत्रकांना पुरेसं विचारलंच गेलं नव्हतं. मग त्यांची संघटना बरोबर घेतली, त्रुटींची यादी एकत्र बसून लावली, आणि काम मार्च २०१५ ला पूर्ण झालं. खर्च सुमारे ३३ कोटी डॉलरने वाढला तो वेगळाच.

त्याच देशात एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने, लेखी संदेशांची डेटा कॉम यंत्रणा टॉवरमध्ये आणली तेव्हा नियंत्रक आधीपासून कामात होते. मेम्फिस आणि न्यूअर्कला चाचण्या झाल्या, आणि २०१६ संपायच्या आत ५५ टॉवरमध्ये ती सुरू झाली, ठरल्यापेक्षा दोन वर्षांहून अधिक आधी. (पुढे तीच यंत्रणा एरिया केंद्रांत न्यायची वेळ आली तेव्हा पुन्हा रखडपट्टी झाली. त्यामुळे ‘नियंत्रकांना विचारलं की सगळं सुरळीत’ असं काही मी म्हणत नाही.)

मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी पहिला टप्पा कुठला निवडला? उड्डाणापूर्वी गेटवर उभ्या असलेल्या विमानाला मार्गाचा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, देणं. विमान जमिनीवर, चाकं थांबलेली. संदेश गेला नाही तर फारतर पाच मिनिटं उशीर. तिथे माणसं चुकली, शिकली, विश्वास बसला, मग पुढे गेली. तुमच्या साहेबांना तारीख हवी आहे ना? तारखेशी भांडत बसू नका, तारखेला काय सुरू होणार यावर बोला. त्या दिवशी एक छोटा, निरुपद्रवी तुकडा सुरू करता येईल: जमिनीवरचे क्लिअरन्स, किंवा समुद्रावरच्या विमानांचे संदेश. स्ट्रिपचा बदल मात्र मागाहून, एकेका पोझिशनला, आणि आधी काही आठवडे शॅडोमध्ये, म्हणजे जुनी यंत्रणा खरं काम करतेय आणि नवी शेजारी नुसती चालू आहे. फीत कापायला आणि फोटो काढायला छोटा तुकडाही पुरतो. माझ्या अनुभवात साहेब लोकांना हे पटतं, फक्त ते कोणीतरी त्यांच्यासमोर तयार करून ठेवावं लागतं.

आता सरांशी कसं बोलायचं. ‘तुम्ही ट्रेनिंगला कधी येताय?’ हा प्रश्न पुन्हा विचारू नका. ज्याने तुम्हाला शिकवलं त्याला विद्यार्थ्यांच्या बाकावर, तुमच्याच हाताखाली आलेल्या पोरांशेजारी बसवणं, हे त्यांना कसं वाटत असेल याचा विचार करा. त्यांना वेगळं बोलवा आणि सांगा: ‘सर, तुम्ही म्हणता हे बंद पडेल. मला ते पाडून दाखवा. सिम्युलेटर तुमच्या ताब्यात देते, तुम्हाला आठवतील ते सगळ्यात वाईट प्रसंग घाला.’ पावसाळ्यातली संध्याकाळ, धावपट्टी बंद, चार विमानं होल्डवर, म्हणजे वर घिरट्या घालत, दोघांचं इंधन कमी, आणि तेवढ्यात एका वैमानिकाचं संदेशाला उत्तरच नाही. असे प्रसंग कंपनीच्या इंजिनिअरला सुचत नाहीत, तुम्हालाही सगळे सुचणार नाहीत, सरांच्या डोक्यात मात्र पाठ आहेत. यात दोन गोष्टी होतील. यंत्रणेची खरी परीक्षा होईल, आणि ती मोडता मोडता सर ती चालवायला शिकतील.

त्यातून जे निघेल ते नोंदवहीत लिहा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, तारीख, कोणी सांगितली, काय झालं. आणि प्रत्येकीसमोर उत्तर: दुरुस्त होणार, की कार्यपद्धती बदलून सांभाळणार, की आहे तसं स्वीकारणार. स्वीकारणार असाल तर कोणी स्वीकारलं त्याचं नाव. हे शेवटचं फार गुणकारी आहे. नाव लिहायचं म्हटलं की ‘चालतंय हो’ म्हणणारी माणसं एकदम काळजीपूर्वक वाचायला लागतात.

हे सगळं करूनही सर आले नाहीत तर? तर ठरलेले तास आणि तपासणी पूर्ण झाल्याशिवाय नव्या पोझिशनवर ते बसणार नाहीत, बस. गुरू असले तरी. हे त्यांना आधीच, एकांतात आणि आदराने सांगा. रोस्टर लागल्यावर चारचौघांत कळू देऊ नका. त्यांना उरलेला काळ प्रशिक्षणात किंवा सुरक्षेच्या कामात घालवता येईल का, तेही साहेबांशी आधी बोलून ठेवा. तुम्हाला वाईट वाटेल. वाटू दे. पण अर्धवट शिकलेल्या माणसाला केवळ मान राखायचा म्हणून मायक्रोफोनसमोर बसवणं हा मान नाही.

तिसरी तक्रार, ‘बंद पडलं तर’. इथे सर शंभर टक्के बरोबर आहेत, फक्त पावसाला उगीच दोष देताहेत. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनची फ्लाइट प्लॅनची यंत्रणा एका विमानाच्या मार्गामुळे थांबली. त्या मार्गात डीव्हीएल या एकाच नावाचे दोन बिंदू होते, एक फ्रान्समधल्या दोव्हिलचा, दुसरा अमेरिकेतल्या डेव्हिल्स लेकचा. मुख्य यंत्रणेला ते उलगडेना, ती सुरक्षितपणे बंद झाली. मग राखीव यंत्रणेने सूत्रं घेतली, तिला तोच प्लॅन मिळाला, तिच्यात तेच सॉफ्टवेअर होतं, तीही बंद झाली. सात लाखांहून जास्त प्रवाशांना फटका बसला. त्यातला जाणकार इंजिनिअर त्या दिवशी घरून काम करत होता, त्याला जागेवर पोचायला वेळ लागला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेशांची स्वयंचलित यंत्रणा बंद पडली, तेव्हा नियंत्रकांनी फ्लाइट प्लॅन हाताने हाताळले आणि शेकडो उड्डाणं रखडली. रखडली, पण एकही विमान एकमेकांवर गेलं नाही. हाताने काम करता येणारी माणसं खोलीत होती म्हणून.

तेव्हा इंजिनिअरिंगच्या लोकांना, तुमच्या सीएनएस (दळणवळण, दिशादर्शन आणि रडार) विभागाला, हे थेट विचारा: आपली राखीव यंत्रणा म्हणजे तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या डब्यात, की खरंच वेगळं काही? रात्री तीन वाजता फोन कोणाला करायचा, आणि तो किती वेळात इथे उभा राहील? ‘यंत्रणा गेली’ असं जाहीर करायचा अधिकार कोणाला, डब्ल्यूएसओला, म्हणजे पाळीच्या प्रमुखाला, की पोझिशनवरच्या माणसाला? आणि कोऱ्या स्ट्रिप, होल्डर, पेन कोणत्या कपाटात आहेत? कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे? हसू नका, किल्ली घरी गेलेल्या माणसाच्या खिशात असते. नवी यंत्रणा रुळल्यावरही दर महिन्याला सिम्युलेटरवर तासभर तरी कागदावर काम करायचं, हे आत्ताच लेखी करून घ्या. सर निवृत्त झाल्यावर ते शिकवणारं कोणी उरणार नाही. म्हणजे तुम्हाला सरांची गरज आहे, ती अशी.

आता बदलाची रात्र. तुमच्या पत्रात ‘रात्री करू, वाहतूक कमी असते’ असं साहेबांचं वाक्य आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय विमानांची झुंबड मध्यरात्रीनंतरच असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. साहेबांना मात्र तासवार आकडे काढून दाखवा. आणि खरोखरच कमी वाहतुकीची वेळ मिळाली, तरी तीच सगळ्यात फसवी असते.

१ जुलै २००२ च्या रात्री झुरिकच्या केंद्रात नेमकं हेच झालं. यंत्रणेवर काम चालू होतं म्हणून रडार मर्यादित पद्धतीवर होतं आणि विमानं जवळ आल्याचा पडद्यावरचा इशारा बंद होता. मुख्य टेलिफोन लाइन कामासाठी तोडलेली होती, राखीव लाइन बिघडलेली निघाली. दोघांपैकी एक नियंत्रक विश्रांतीला गेला होता, रात्री तसं करायची तिथली रीतच होती. उरलेला एक जण दोन पोझिशनवर, आणि त्यात उशिरा आलेलं एक विमान उतरवायला बघतोय. दुसऱ्या विमानतळाला फोन लावतोय, तो लागत नाही. त्याच वेळी दोन विमानं एकाच पातळीवर एकमेकांचा मार्ग छेदायला येत होती. जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना त्यांच्या पडद्यावर इशारा दिसला. ते झुरिकला फोन लावत राहिले. लागला नाही. युबरलिंगन गावावर दोन्ही विमानं आदळली, ७१ जण गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं होती. त्या रात्री नेमकं काय काय बंद असणार आहे आणि त्याचा कामावर काय परिणाम होईल, हे त्या नियंत्रकाला कोणी नीट सांगितलेलं नव्हतं.

म्हणून बदलाच्या रात्री नेहमीपेक्षा जास्त माणसं ठेवा, विश्रांतीच्या सवलती त्या रात्रीपुरत्या बंद. काय चालू, काय बंद, याची एक पानी यादी प्रत्येक पोझिशनवर, आणि तीच यादी शेजारच्या केंद्रांकडेही. फोनच्या लाइनला हात लावायचा असेल तर त्याच रात्री दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. आणि पहिले काही आठवडे विमानांची संख्या मुद्दाम कमी घ्या. फ्रान्सने २०२२ मध्ये रीम्स आणि मार्सेलला नवी यंत्रणा बसवताना तसं केलं. विमानांना उशीर झाला, एअरलाइन्स कुरकुरल्या, पण ते आधी ठरवून झालं होतं. एअरलाइन्सना आगाऊ सांगायचं काम साहेबांचं, तुमचं नाही. ते त्यांच्याकडे लेखी सोपवा.

सहीकडे येतो. ‘सर्व’ आणि ‘सज्ज’ हे दोन शब्द तुमच्या अखत्यारीतले नाहीत. तुम्ही साक्ष देऊ शकता ती तुम्ही पाहिलेल्या गोष्टींची. तेव्हा नकार कळवू नका, दुसरा मजकूर पाठवा: एकूण इतके नियंत्रक, त्यांपैकी इतक्यांचं प्रशिक्षण व तपासणी पूर्ण, इतक्यांची बाकी, गर्दीत यंत्रणा बंद पडण्याचा सराव इतक्यांनी केला, नोंदवहीत इतक्या त्रुटी खुल्या, त्यांतल्या इतक्या सुरक्षेशी संबंधित. खाली सही, तारीख. यात मत नाही, तक्रार नाही, फक्त आकडे आहेत, त्यामुळे ‘नव्याच्या विरोधात’ हा शिक्का मारायला जागा उरत नाही. युनिट सज्ज आहे की नाही हे त्यावरून वरच्यांनी ठरवावं आणि तिथे स्वतःची सही करावी. नवी उपकरणं आणण्याआधी सुरक्षेचं मूल्यमापन करायचं हे आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, डॉक ४४४४ मध्येच लिहिलेलं आहे. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही. दबाव आला तर तोंडी बोलणं झाल्यावर त्याच दिवशी ‘आपल्या चर्चेनुसार’ अशी दोन ओळींची ईमेल टाका. आणि गिल्डच्या, म्हणजे नियंत्रकांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीला आत्ताच सामील करून घ्या, भांडण झाल्यावर नाही.

ही अडचण तुमच्या एकट्या खात्याची नाही, म्हणून हे पत्र सदरात घेतलं. रुग्णालयात औषधांची नोंद टॅबलेटवर न्यायची जबाबदारी मिळालेल्या सिस्टर, वीज उपकेंद्रातले ऑपरेटर, रेल्वेच्या कंट्रोल रूममधली मंडळी, सगळ्यांना हाच मजकूर आणि हीच सही कधी ना कधी समोर येते. काळा पडदा, क्रमांकवार नोंदवही आणि आकड्यांचं निवेदन त्यांनाही चालेल. जुन्या माणसाची कटकट मात्र प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी बसून, शब्दशः लिहून घ्यावी.

राहता राहिली तुमची स्वतःची गोष्ट, जी पत्रात तुम्ही जाताजाता लिहिली आहे: शिफ्ट करून उरलेल्या वेळात हे समन्वयाचं काम चालू आहे आणि झोप होत नाही. हे चालणार नाही. नाइट करून आलेल्या माणसाने सकाळी सुरक्षेची नोंदवही तपासायची, हाच एक धोका आहे आणि तो नोंदवहीत जायला हवा, तुमच्याच नावाने. बदल होईपर्यंत आणि नंतरचे किमान दोन महिने तुम्हाला रोस्टरमधून मोकळं करावं, रेटिंग, म्हणजे पोझिशनवर बसायची पात्रता, टिकण्यापुरत्या ड्यूट्या तेवढ्या ठेवाव्यात, असा अर्ज या आठवड्यात द्या. पुढच्या महिन्याचं रोस्टर लागायच्या आत.